बागेत स्वॅलोटेल फुलपाखरांसाठी खाद्यवनस्पती: कोणती लावली, कोण आलं?

अबोली

मंडळी, गेली तीन वर्षं गच्चीवर फुलपाखरांसाठी म्हणून पेंटास, एक्झोरा, जमैकन स्पाइक, कॉसमॉस असं काय काय लावत आले. फुलपाखरं येतात, नाही असं नाही. पण त्यातली ती मोठी, काळी, मागच्या पंखांना शेपट्या असलेली आली की मी हातातलं काम तसंच टाकून उभी राहते. ती फुलावर धड बसतही नाहीत. पंख थरथरत ठेवूनच मध पितात आणि दोन मिनिटांत भिंतीपलीकडे.

मला ती इथे जन्मलेली बघायची आहेत. शोधाशोध केल्यावर एवढं कळलं की फुलं मोठ्यांच्या पोटासाठी, अळ्यांना ठरावीक झाडांची पानंच लागतात आणि मादी त्या झाडाखेरीज दुसरीकडे सहसा अंडी घालत नाही. ज्यांनी अशी झाडं लावली आहेत त्यांनी कृपया सांगा: कुंडीत काय टिकतं, किती दिवसांनी कोण आलं, काय चुकलं? जागा दहा बाय बारा फूट, ऊन सकाळचं चार-पाच तास.

रानवाटा

अबोली, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. मी बारा-तेरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे नावावर जाऊ नका. स्वॅलोटेल म्हणजे पॅपिलिओनिडी कूळ. जगभरात याच्या साडेपाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरींना शेपटी नसतेच. लिंबावर येणारं पिवळट-काळं लाइम बटरफ्लाय याच कुळातलं, बिनशेपटीचं. निलवंतालाही शेपटी नाही.

जाती इतक्या असल्या तरी बहुतेक अळ्यांचं खाणं मोजक्या वनस्पतिकुळांत आटोपतं, हे आपल्या सोयीचं. लिंबाच्या कुळात लिंबू, संत्रं, पपनस, बेल, कढीपत्ता आले. त्यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. लिंबू-पपनसावर निलवंतही. सीताफळाच्या कुळात सीताफळ, हिरवा चाफा आणि तो उंच सरळसोट वाढणारा खोटा अशोक. यांवर हिरव्या ठिपक्यांचं टेल्ड जे आणि त्याचा भाऊबंद कॉमन जे. सोनचाफा वेगळ्या कुळातला, पण त्यावरही हे दोघं येतात. दालचिनी आणि तिच्या भावकीवर कॉमन ब्लूबॉटल, कॉमन माइम. ईश्वरीच्या वेलीवर कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ, जवळ रान असेल तर सदर्न बर्डविंगसुद्धा.

तुमच्या जागेला कढीपत्त्याच्या तीन कुंड्या आणि एक लिंबू. बस्स. बाकी नंतर. कढीपत्ता छाटला की भराभर फुटतो, आणि लाइमची मादी कोवळी पालवी शोधत असते. म्हणून तिन्ही कुंड्या एकदम छाटू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक छाटा, म्हणजे कुठेतरी कोवळं पान कायम असेल. कुंडी निदान चौदा इंची घ्या. लहान कुंडीतलं रोप एक अळी शेवटच्या आठवड्यात बोडकं करते. अळी आयुष्यभरात जेवढी पानं खाते त्यातला फार मोठा वाटा ती शेवटच्या टप्प्यात खाते, हे गणित आधीच मनात असू द्या.

मादी ओळखायची खूण सांगतो. फुलावर येणारं फुलपाखरू थेट येतं. अंडी घालायला आलेली मादी झाडाभोवती घुटमळते, एका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर टपटप थापा मारते, उडते, दुसरं पान. ती पायांनी चव घेत असते. जपानमध्ये लिंबावर वाढणाऱ्या पॅपिलिओ झुथस या जातीत हे तपासलं गेलंय: मादीच्या पुढच्या पायांत सिनेफ्रिन नावाचं, लिंबाच्या पानातलं द्रव्य ओळखणारा ग्राहक, म्हणजे चव टिपणारं प्रथिन, असतो. २०११ साली तो सापडला. पान पसंत पडलं की पोट वाकवून एकच अंडं चिकटवते आणि निघते. टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळं, गोल. एकदा बघितलंत की पुन्हा शोधायला चष्मा लागणार नाही.

गवतफुला

वाचनखूण साठवली! एक भीती आहे. घरात लहान मूल आहे. सुरवंटाने खाज आली तर?

रानवाटा

खाजवणारे केसाळ सुरवंट वेगळे, त्यातले बरेचसे पतंगांचे. स्वॅलोटेलच्या अळीला खाजरे केस नसतात. रोझच्या अळ्यांच्या अंगावर मांसल गाठी असतात, दिसायला भीतीदायक, पण टोचत नाहीत. मुलाला खुशाल दाखवा. फक्त बोटाने दाबू नये आणि हात लावल्यावर धुवावेत. ईश्वरी लावाल तेव्हा मात्र तिचं पान तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या. त्याबद्दल पुढे लिहीन.

बांधावरून

मंडळी, दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. आमची लिंबाची बाग आहे. तुम्ही जिच्यासाठी झाडं लावता ती अळी आमच्या रोपवाटिकेत एका आठवड्यात हातभर उंचीची रोपं खराटा करून टाकते. मी स्वतः फवारणी केली आहे. फुलपाखरू देखणं आहे हे मान्य, पण रोपवाल्याच्या पोटावर पाय येतो.

रानवाटा

राग कसला, खरंच आहे. लाइम बटरफ्लाय लिंबूवर्गातली मान्यताप्राप्त कीड आहे. मूळ आशियातलं हे फुलपाखरू २००४ साली कॅरिबियनमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकला पोचल्याचं आढळलं तेव्हा तिथले बागायतदारही धास्तावले होते. पण नुकसान मुख्यतः रोपांचं आणि कोवळ्या फुटीचं. भरल्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. रोपवाटिका लहान असेल तर अळ्या हाताने वेचता येतात, त्या उघड्यावरच बसलेल्या असतात. आणि वेचलेल्या मारण्याऐवजी कडेच्या एखाद्या जुन्या लिंबाच्या झाडावर सोडून बघा.

बांधावरून

बांधावर बेलाचं एक मोठं झाड आहे. त्यावर चालतील का?

रानवाटा

बेल त्यांचं खाद्य आहेच. पण लिंबावर वाढलेली मोठी अळी एकदम दुसऱ्या झाडावर ठेवली तर कधी कधी तोंड लावत नाही. अगदी लहान असताना हलवा, किंवा लिंबावरची लिंबावरच ठेवा.

दूरदेशी

मी अमेरिकेत आहे, इथे लिंबू थंडीत मरतो. मी शेपू, बडीशेप आणि पार्सली लावते, त्यावर ब्लॅक स्वॅलोटेल येतं. हिरव्या अंगावर काळे पट्टे आणि त्यात पिवळे ठिपके असलेली अळी. पहिल्या वर्षी शेपूची चार रोपं लावली, अळ्या निघाल्या अकरा. शेवटी रात्री दिवा घेऊन बडीशेपेची रोपं आणून त्यांच्या शेजारी टेकवली. आता एक अळी तर एक भरदार रोप, असा हिशेब धरून पेरते, आणि दर तीन आठवड्यांनी नवीन पेरणी.

माझी एक चूक सांगते, थंड प्रदेशातल्या कुणाला उपयोग होईल. शरद ऋतूतले शेवटचे कोष हिवाळाभर तसेच झोपतात. मला ठाऊक नव्हतं. एक कोष मायेपोटी घरात उबेला आणून ठेवला. जानेवारीत फुलपाखरू बाहेर आलं. बाहेर बर्फ, एकही फूल नाही. कापसाच्या बोळ्याने साखरपाणी पाजत नऊ दिवस जगवलं. तेव्हापासून कोष बाहेर, आडोशाला, थंडीतच राहतो. वसंतात आपोआप उमलतो.

मला कायम प्रश्न पडतो: लिंबू कुठे आणि शेपू कुठे! एकाच घराण्यातली फुलपाखरं इतक्या वेगळ्या झाडांवर कशी?

रानवाटा

दूरदेशी, या प्रश्नासाठी तुमचे आभार, हा माझा फार आवडता विषय. वरवर ही झाडं वेगळी, पण पानांतली रसायनं जवळची. दोन्ही कुळांत फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं सापडतात. झाडाने ती कीटकांना दूर ठेवायला बनवली. उन्हात ती आणखी घातक होतात, बहुतेक अळ्या ती पचवू शकत नाहीत. काही स्वॅलोटेलच्या पोटात मात्र ती निकामी करणारी विकरं तयार झाली. म्हणजे इतरांसाठी जो दरवाजा बंद, तो यांना उघडा, आणि लिंबाच्या घरातून शेपूच्या घरात जायला वाट तयार. १९६४ साली जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि वनस्पती एकमेकांना घडवत आले अशी मांडणी केली, ती अशाच जोड्या बघून.

पुरावा तुमच्याच बागेत मिळेल. सताप लावा. तो लिंबाच्या कुळातला. तुमचं शेपूवरचं ब्लॅक स्वॅलोटेल त्यावरही अंडी घालतं. तसंच तिकडचं झेब्रा स्वॅलोटेल पॉपॉ नावाच्या झाडावर वाढतं, ते झाड सीताफळाच्या कुळातलं. आमचं टेल्ड जे सीताफळावर, तुमचं झेब्रा पॉपॉवर. समुद्र ओलांडला तरी भावकी तीच.

अबोली

किती सुंदर! पण माझी बातमी वाईट आहे. कढीपत्त्याची रोपं लहान होती म्हणून घाई करून एका रोपवाटिकेतून चांगलं तीन फुटी लिंबाचं झाड आणलं. पानं तकतकीत, एकावर डाग नाही. आठव्या दिवशी मादी आली, मी पाच अंडी मोजली. अळ्या निघाल्या, दोन दिवस खाल्लं, मग एकेक सुस्त झाली आणि काळी पडून गळली. पाचही. मला खूप वाईट वाटलं, कारण मीच त्यांना बोलावलं होतं.

रानवाटा

डाग नसलेलं पान हीच धोक्याची खूण. विकायच्या रोपांना बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते मुळांतून शोषलं जातं आणि पानापानात पोचतं, धुऊन जात नाही. पुढच्या वेळी रोप आणलं की माती बदला, जोरात छाटा आणि दोन-तीन महिने जाळीखाली ठेवा. त्यानंतर आलेल्या पालवीवरच अळी येऊ द्यायची. शक्य असेल तर बीपासून किंवा ओळखीच्या माणसाकडच्या फांदीपासून वाढवा.

आणि आजूबाजूच्या कुंड्यांवरही फवारणी बंद. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून लोक सर्रास मारतात, ते अळ्यांना घातकच आहे. बीटी नावाचं जिवाणूचं औषध तर खास अळ्यांसाठीच असतं. मावा पडला तर पाण्याची धार मारा, पण आधी पानामागे अंडी आहेत का बघा.

गवतफुला

माझ्याकडे एक परदेशी ॲरिस्टोलोकिया आहे, बदकासारखी मोठी जांभळट फुलं येतात. ईश्वरीचीच बहीण ना? रोझ येतील का त्यावर?

रानवाटा

या वेलींबाबत मी सगळ्यांना थांबवतो. मादीला वास ओळखीचा वाटतो, ती अंडी घालते, पण पानातली द्रव्यं इथल्या अळ्यांना सोसतीलच असं नाही. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगच्या बाबतीत हे नीट नोंदलं गेलंय: बागांतून पसरलेल्या परदेशी वेलीवर माद्या अंडी घालतात आणि अळ्या मरतात. तिथे लोक ती वेल उपटून देशी वेल लावतात. तुमच्या प्रदेशातली मूळची जी ॲरिस्टोलोकिया असेल तीच लावा. आपल्याकडे ईश्वरी.

ईश्वरीची पानं लहान, फूल इवलंसं, तुतारीसारखं. फळ पिकलं की खालून नाही, देठाकडून उकलतं आणि उलट्या छत्रीसारखं लोंबतं, आत चपट्या बिया रचून ठेवलेल्या. बी ताजं असतानाच पेरा. वेल सुरुवातीला अगदी सावकाश वाढते, वर्षभर धीर धरा. पहिल्या वर्षी अळ्या आल्या तर बुंध्यापर्यंत फस्त करतात, म्हणून दोन वेली हव्यातच.

आता ती काळजीची गोष्ट. ईश्वरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. अळ्या ते अंगात साठवतात, त्यामुळे फुलपाखरूही विषारी होतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. माणसाच्या मूत्रपिंडाला ते घातक आहे, त्याने कर्करोगही होतो. कुणी औषध म्हणून पान-मूळ खायला सांगितलं तर अजिबात खाऊ नका. ही वेल फुलपाखरांसाठीच.

अबोली

दोन महिन्यांनी येतेय. कढीपत्त्याच्या तिन्ही कुंड्या अंगाला आल्या आणि तुम्ही सांगितल्यासारखी एकेक छाटली. एका दुपारी ती टपटप मी डोळ्यांनी पाहिली! चार पानांवर थापा मारून पाचव्यावर अंडं. तिसऱ्या दिवशी अळी निघाली. पहिले काही दिवस ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, काळपट, मध्ये पांढरा ओघळ. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी ‘पान घाण झालंय’ म्हणून पुसायला कापड उचललं, मी धावत जाऊन हात धरला.

चौथी कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार झाली. पान बाजूला करताना माझं बोट लागलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबूस दोन शिंगं सर्रकन बाहेर आली, ओली, सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली, आणि आंबट-कुबट वास सुटला. दोन सेकंदांत पुन्हा आत. मी तिथेच खाली बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

पण काल सकाळी ती नाहीशी झाली. आदल्या संध्याकाळी पानाखाली पातळ हिरवट पाणी पडलेलं दिसलं होतं. आजारी पडली का? बुलबुलाने नेली?

रानवाटा

अभिनंदन! तो आजार नव्हे. कोष करायच्या आधी अळी पोट पूर्ण रिकामं करते, तेच ते पाणी. मग खाद्यझाड सोडून फिरत फिरत दूर जाते. दहा-पंधरा फुटांच्या आत आडव्या-तिरक्या वस्तू बघा: काठ्या, पाइप, कुंडीची कड, टेबलाखालची बाजू. कोषाचा रंग जागेप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो, म्हणून रंग शोधू नका, कमरेला बांधलेला रेशमाचा एक धागा शोधा.

अबोली

सापडली!!! पाण्याच्या नळीखाली, तपकिरी. आणि आणखी दोन कोष जाईच्या काठीवर, हिरवे. म्हणजे त्या दोन अळ्या माझ्या नजरेतून सुटल्याच होत्या.

गवतफुला

कोषांवर जाळी घालशील का? आमच्याकडे एका कोषातून फुलपाखरू आलंच नाही. बारीकसं भोक पडलं आणि चिलटाएवढ्या काळ्या-हिरव्या माश्या निघाल्या, तीसेक तरी.

रानवाटा

त्या परजीवी गांधीलमाश्या. नुकत्याच झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात मादी अंडी घालते. कवच कडक झालं की तिला जमत नाही. त्यामुळे जाळी घालायची तर अळी भटकायला लागताच, उशिरा घालून उपयोग नाही. पण मी स्वतः सगळं जाळीत ठेवत नाही. त्या माश्या, कोळी, प्रार्थनाकीटक, बुलबुल यांनाही बागेत जागा आहे. जाळीत अळ्यांची गर्दी झाली तर रोग भराभर पसरतो, तेही मी भोगलंय. चार-पाच अळ्यांवर एक खोका, रोज साफ, याच्यापुढे जाऊ नका.

बांधावरून

इकडचीही खबर द्यायची होती. वेचलेल्या बारीक अळ्या बेलावर सोडल्या. पन्नासेक तरी असतील. नेमकं मोजलं नाही, पण पुढच्या महिन्यात बेलाखालच्या ओल्या मातीवर पिवळी-काळी फुलपाखरं ओळीने बसून पाणी शोषत होती. रोपांवर फवारा मारला नाही या खेपेला.

रानवाटा

वाचून फार बरं वाटलं, दादा. ओल्या मातीवरचे ते बहुतेक सगळे नर. त्यांना मातीतले क्षार हवे असतात.

अबोली

नळीवरच्या कोषातून आज सकाळी सात वाजता फुलपाखरू बाहेर आलं. आदल्या रात्री कोष काळा पडला होता आणि आतले पंख आरपार दिसत होते. बाहेर आलं तेव्हा पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले. लोंबकळून राहिलं, पोटातून थेंब थेंब पाणी सोडलं, पंख हळूहळू भरत गेले. पण मला लाइम वाटलं होतं ते हे नाही. काळं, मागच्या पंखांवर पांढरा डाग, भोवती लाल ठिपके, शेपट्या आहेत. हे तर कॉमन रोझसारखं दिसतंय. कढीपत्त्यावर रोझ?

रानवाटा

पोट बघा. काळं की लाल?

अबोली

काळं.

रानवाटा

मग ती कॉमन मॉरमॉनची मादी. अळ्या लाइमच्या अळ्यांसारख्याच दिसतात, भल्याभल्यांची गफलत होते. रोझचं डोकं आणि पोट लाल असतं. मॉरमॉनची मादी तीन रूपांत येते: एक नरासारखं, एक कॉमन रोझची नक्कल, एक क्रिमसन रोझची. स्वतः विषारी नाही, पण विषारी रोझचे कपडे घालून पक्ष्यांना चकवते. कोणतं रूप येणार हे डबलसेक्स या एकाच जनुकावर ठरतं, हे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं. पक्ष्यांना खऱ्या रोझची वाईट चव माहीत असेल तरच ही नक्कल कामाला येते. तुमच्या आसपास कुठेतरी रोझ बहुधा असणार, म्हणजे ईश्वरी किंवा तिच्या कुळातली वनस्पतीही असणार.

अबोली

साडेनऊला उडाली. जमैकन स्पाइकवर एकदा टेकली आणि भिंतीपलीकडे गेली. ईश्वरीच्या बिया कुणाकडे असतील तर सांगा, दोन कुंड्या मोकळ्या करून ठेवते.

पहिल्या छाटणीच्या कुंडीत आता नुसत्या काड्या आहेत, टोकाला दोन तांबूस फुटवे. त्यातल्या खालच्या फुटव्यावर आत्ता एक अंडं दिसलं.